‘गोड बातमी’ कधी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मका काढणीला यायच्या आधीचे दिवस होते. अजिंठ्याच्या बाजूला तेव्हा घरोघरी ताप होता आणि माझ्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या सर्वच पेशंटचे तपशील मी बदलले आहेत.)

“मॅडम, लग्नाला चार वर्षं झाले. अजून काहीच नाही. सिल्लोडला दाखवलं, संभाजीनगरला दाखवलं. आता तुम्हीच काय ते बघा,” असे म्हणून सासूबाईंनी फाइल टेबलावर ठेवली.

फाइलमध्ये दोन सोनोग्राफी होत्या. थायरॉइड होता, हार्मोन्सच्या तपासण्या होत्या. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही हे पाहणारा एक्स-रेही होता. या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडातून औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पुढे जाते का ते पाहतात. पोटात चांगलीच कळ येते. कित्येक बायकांना घाम फुटतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हती. सुनेच्या मनगटाला दोन काळे दोरे, गळ्यात एक ताईत.

सासूबाईंचे ब्लडप्रेशर मोजायचे म्हणून त्यांना सिस्टरकडे बाहेर पाठवले आणि सुनेला नेहमीचे प्रश्न विचारले. पाळी कशी येते, संबंध केव्हा येतो, नवरा बाहेरगावी असतो का. ती बराच वेळ फरशीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, आम्ही निरोध वापरतो. पहिल्यापासून.”

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली.

“मग हा नळ्यांचा एक्स-रे कशाला करून घेतलास?”

“आत्यांनी नेलं म्हणून केला. लई दुखलं. पण मॅडम, होत नाही म्हटलं की लोक कीव करतात. नको म्हटलं तर घरात राहू देणार नाहीत.”

तिची आई ती अकरा वर्षांची असताना वारली होती. पाठच्या तिघांना तिने वाढवले. धाकटा तर रांगत होता. शाळा सुटली, भाकरी थापल्या, रात्री तापलेले लेकरू मांडीवर घेऊन बसली. धाकट्याला नोकरी लागली त्या वर्षी तिचे लग्न झाले. लग्नाच्या आधीच तिने नवऱ्याला सांगितले होते की मला आता पुन्हा हे नको. त्याने विचार करायला आठ दिवस घेतले आणि होकार दिला. दोघांचे सूत उत्तम जमलेले आहे. आजार कोणालाच नाही. तरीही एका धडधाकट बाईने, नसलेल्या आजाराची, दुखणारी तपासणी मुकाट करून घेतली होती.

मूल हवे की नको, केव्हा हवे, किती हवीत, हा प्रश्न आपण घरगुती समजतो. पण त्याचे ओझे शेवटी येऊन पडते ते कोणाच्या तरी शरीरावर, आणि म्हणून तो या सदरात घेतला आहे.

आपल्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ‘गोड बातमी कधी?’ सुरू होते. हळदीकुंकवाला विचारतात, एस.टी.त शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारते. दुसऱ्या वर्षी आवाज खाली येतो. तिसऱ्या वर्षी ओटी भरायच्या वेळी तिला हळूच बाजूला बसवतात. डोहाळजेवणाला बोलावतात, पण ओवाळायला पुढे करत नाहीत. बरे, एक झाले की सुटका होते म्हणावे तर तेही नाही. एकावर थांबलेल्यांना ‘त्याला सोबत नको का?’ दोन मुलींवर थांबलेल्यांना ‘वंशाला दिवा नको का?’ आणि चौथ्या खेपेला राहिलेल्या बाईला हीच मंडळी म्हणतात, ‘काही लाजलज्जा आहे की नाही?’ एकूण काय, ज्यावर लोक गप्प बसतील असा आकडा अजून सापडलेला नाही.

सरकारनेही आपल्या परीने मोजणी केली आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यांना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अपात्र ठरवणारा कायदा आपल्या राज्यात आला, आणि निवडणुकीचा अर्ज भरताना मुलांच्या जन्मतारखा काढून बसलेले उमेदवार आपण पाहिलेच आहेत. त्याआधी, आणीबाणीत, १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण पुरुषांच्या मनात त्या काळात बसलेली भीती अजून गेलेली नाही. ‘नसबंदी’ शब्द काढला की पन्नाशीच्या पुढचा माणूस आजही खुर्चीत मागे सरकतो.

माझा एक जुना आक्षेप शब्दांबद्दल आहे. ‘वांझ’ हा शब्द बाईला लावतात, गाईला लावतात, झाडाला लावतात. पुरुषाला लावलेला मी तरी ऐकला नाही. संसार न करणाऱ्या साधूच्या आपण पाया पडतो. समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले ही गोष्ट कौतुकाने सांगतो. बाईने मात्र राहत्या घरात, नवऱ्याबरोबर सुखाने नांदत ‘मूल नको’ म्हटले की ते आपल्या कानाला सहन होत नाही.

आमच्या अजिंठ्याच्या लेण्यांत याची एक जुनी खूण आहे. पाहुणे आले की आपण त्यांना पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवतो आणि घाईने पुढे जातो. पुढच्या वेळी दोन क्रमांकाच्या लेण्यात थांबा. मुख्य बुद्धमूर्तीच्या उजव्या हाताच्या लहान गाभाऱ्यात एक जोडपे बसलेले कोरले आहे, बाईच्या मांडीवर मूल आहे. ती हारीती आणि तो पांचिक. खाली पट्टीत शाळा भरलेली आहे. छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची मुले अभ्यास करतात आणि मागची खेळ मांडून बसली आहेत. दीड हजार वर्षांत वर्गाची रचना काही बदललेली नाही!

हारीतीची कथा अशी की ती पाचशे मुलांची आई होती आणि दुसऱ्यांची मुले पळवून खात असे. बुद्धाने तिचे धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती वेडीपिशी होऊन शोधत आली, तेव्हा तिला सांगितले की पाचशेतले एक गेले तर तुझी ही गत, ज्यांचे एकुलते एक गेले त्यांचे काय? तेव्हापासून ती मुलांची रक्षक झाली आणि मूल मागणारे तिच्याकडे येऊ लागले. आपल्या सटवाईची ही थोरली बहीणच म्हणायची. ज्या विहारात तिला ही जागा दिली तो विहार भिक्षूंचा होता, म्हणजे स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरवलेल्या माणसांचा. मूल मागायला आलेली बाई आणि मूल नको म्हणून घर सोडलेला भिक्षू एकाच छपराखाली असत. त्यात कोणाला काही वावगे वाटले नसावे.

आता दवाखान्यात परत येऊ. जोडप्याला मूल ‘होत नाही’ आणि जोडप्याला मूल ‘नको आहे’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरने पहिल्याच भेटीत, दोघांना एकेकटे घेऊन, हे विचारायला हवे. घरच्यांच्या समोर विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षे सासूसमोरच विचारत असे.

ज्यांना हवे आहे, त्यांच्यासाठी आधी थोडे. कोणतेही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून बारा महिने झाले आणि दिवस गेले नाहीत, तर तपासणी सुरू करावी. बाईचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. लग्नानंतर तीन महिन्यांत ‘दाखवायला’ आणायचे काही कारण नाही. जगात साधारण सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. म्हणजे ही अडचण चारचौघांतली आहे, तिला शाप म्हणू नये.

आणि अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोष पुरुषाकडे असतो, एकट्या त्याच्याकडे किंवा दोघांकडे मिळून. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, झाले. न्याय म्हणून राहू द्या, निव्वळ हिशेब म्हणूनही ती आधी व्हायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत मात्र बाईचे तीन डॉक्टर झालेले असतात, दुर्बिणीची तपासणी झालेली असते, दोन देवस्थाने झालेली असतात, आणि नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून फोन बघत असतो. त्याला आत बोलावले की म्हणतो, “मला काय झालंय?” एका गृहस्थांनी दुसऱ्या लग्नाची बोलणी करून ठेवली होती. मी हट्ट धरून तपासणी करायला लावली, तर शुक्राणू शून्य. दुसऱ्या बायकोलाही याच माणसाकडून मूल हवे होते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पुरुषाचे दुःखही लहान नसते, हे मला मान्य आहे. त्याला रडायला जागा नसते. मित्र थट्टा करतात आणि तो दारूच्या दुकानात उत्तर शोधतो. पण त्याची लाज झाकण्यासाठी बायकोला टेबलावर झोपवणे हा काही उपचार नव्हे.

ज्यांना आत्ता नको आहे, त्यांचे म्हणणे तर ऐकूनच घेतले जात नाही. नवी जोडपी वर्ष-दोन वर्षे थांबावे म्हणतात. मुलीचे डी.एड. राहिलेले असते, मुलाची नोकरी कंत्राटी असते. त्यांना सांगितले जाते की गोळ्यांनी गर्भपिशवी कायमची खराब होते आणि तांबी पहिल्या मुलाआधी बसवतच नाहीत. दोन्ही खरे नाही. रोजच्या गोळ्या बंद केल्या की गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते. तांबी, म्हणजे कॉपर-टी, मूल न झालेल्या बाईलाही तपासणी करून बसवता येते. एक प्रकार दहा वर्षे चालतो, एक पाच वर्षे, आणि मनात आले की काढता येते. ‘अंतरा’ नावाचे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा असते. ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा लगेच मूल हवे असणाऱ्यांनी ते घेऊ नये. ‘छाया’ ही गोळी हार्मोनची नाही. आपल्याच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. ही सारी साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. निरोध आणि गोळ्या तर आशाताईंकडेही असतात. कोणते साधन कोणाला चालेल हे प्रकृती बघून ठरते. ब्लडप्रेशर, अर्धशिशी, काविळीचा इतिहास, अंगावर पाजणे हे सगळे विचारावे लागते. म्हणून मेडिकलवरून शेजारणीचे नाव सांगून गोळ्या आणू नका.

‘मूल झाले नाही तर बाईचे शरीर बिघडते’ हेही नेहमी ऐकू येते. जेवढे खरे आहे तेवढे सांगते. ज्यांना कधीच मूल झालेले नाही त्यांच्यात स्तनाचा, अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर थोडा जास्त आढळतो. त्यासाठी वेळच्या वेळी तपासणी करून घ्यावी. पण तेवढ्यासाठी मूल जन्माला घालायला कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. गर्भारपण आणि बाळंतपण यांचे स्वतःचे धोके असतात, ते आपण ‘बाईचा जन्म’ म्हणून सोडून देतो एवढेच. दुसरीकडे हेही खरे की पस्तिशीनंतर बाईची गर्भधारणेची शक्ती झपाट्याने कमी होते. ज्यांना ‘पुढे कधीतरी’ हवे आहे त्यांनी हे गणित आधीच समजून घ्यावे. नंतर डॉक्टरवर रागावून उपयोग होत नाही.

मूल हे औषध नाही, हे वाक्य मी आता दवाखान्यात फार वेळा बोलते. ‘एक लेकरू झालं की त्याची दारू सुटेल’, ‘पोटी मूल आलं की तिचं डोकं ताळ्यावर येईल’, ‘पाळीतलं दुखणं बाळंतपणानं जातं.’ यातला शेवटचा सल्ला तर डॉक्टरही देतात.

मीही असा एक सल्ला दिलेला आहे. अठरा वर्षे झाली असतील. एक तरुण बाई एकटीच आली, डोक्यावरचा पदर ओढून. लग्नाला पाच महिने झाले होते, नवरा पिऊन मारत होता. तिला तांबी बसवून हवी होती. मी तिला म्हटले, “अगं, आधी एक होऊ दे, मग बघू. घरच्यांना विचारून ये.” मला त्या वेळी हे समजूतदारपणाचे वाटले होते. तीन महिन्यांनी रात्री तिला जीपमधून आणले. दिवस गेले होते आणि कोणाकडून तरी आणलेल्या गोळ्या खाऊन ती चार दिवस रक्तस्रावात घरीच पडून होती. अंग पांढरेफटक, नाडी लागत नव्हती. सलाईन लावून पुढे पाठवली. रक्त चढवले, ती वाचली. ती याच पंचक्रोशीत राहते. तिच्या जावा माझ्याकडे येतात, ती येत नाही.

तेव्हापासून मी एवढे शिकले की साधन मागायला आलेल्या बाईला मी तिच्या सासूची परवानगी विचारत नाही. कायद्यालाही ती नको आहे. सज्ञान बाईला गर्भनिरोधक घ्यायला किंवा कायद्याच्या चौकटीत गर्भपात करून घ्यायला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात साधन निकामी ठरल्याने राहिलेल्या गर्भाबाबत फक्त विवाहितेचा उल्लेख होता, २०२१ च्या दुरुस्तीने तोही शब्द बदलला. आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की मूल होऊ द्यावे की नाही हे ठरवणे हा बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भाग आहे.

‘ही सगळी आजकालची, टी.व्ही. आणि मोबाइलची फॅशन’ असे म्हणणाऱ्यांना मी एक नाव सांगते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव, रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १८८२, मृत्यू १९५३. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे केंद्र निघाले तेच हे वर्ष. म्हणजे या बाबतीत मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता. या विचारांपायी त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि मरेपर्यंत, पदरमोड करून, चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चार वर्षांनी, १९३८ साली, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला.

कर्व्यांची ही बाजू आता बऱ्याच जणांना माहीत आहे. अमोल पालेकरांनी २००१ साली त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, आणि आपल्या संभाजीनगरच्या अजित दळवींनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले. घरातली बाजू मात्र कमी बोलली जाते. रघुनाथरावांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे विचाराने ठरवले होते, आणि शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी स्वतः. बायकोला पुढे केले नाही. नोकरी गेल्यावर मालतीबाईंनी संसाराचा भार उचलला. ज्या काळात बाईला सहावे-सातवे बाळंतपण नेमाने येत असे, त्या काळात या बाईने कुठल्या हळदीकुंकवाला काय ऐकून घेतले असेल, हे मला मासिकाच्या सगळ्या खटल्यांपेक्षा अवघड वाटते. कोर्टातल्या खटल्याला निदान तारीख तरी असते.

रघुनाथरावांनी केलेली शस्त्रक्रिया आज कितीतरी सोपी झाली आहे. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद कमी होत नाही, संबंधात फरक पडत नाही. फक्त तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातल्या जवळपास ३८ जोडप्यांत बाईचे ऑपरेशन झालेले होते आणि पुरुषाचे हजारात तिघांत. बाईचे पोट उघडण्यात आपल्याला काही वाटत नाही!

इथे एक नियम माहीत असावा. केंद्र सरकारच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत नसबंदीसाठी व्यक्ती विवाहित असावी आणि जोडप्याला किमान एक वर्षापेक्षा मोठे एक मूल असावे, अशी अट घालण्यात आली. ज्यांना मूलच नको त्यांचा विचार या योजनेत केलेला नव्हता. खासगी डॉक्टरही अशा जोडप्यांना सहसा माघारी पाठवतात. विशीतल्या जोडप्याला मीसुद्धा कायमच्या ऑपरेशनऐवजी दहा वर्षांची तांबी सुचवते, कारण तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्यांना पुढे पस्तावा होण्याचे प्रमाण अधिक असते हे अभ्यासांतून दिसले आहे. पण हे सांगून झाल्यावर निर्णय त्यांचा. ‘तुमचं मन बदलेल हो’ हे वाक्य मी पूर्वी फार वापरत असे. मूल हवे म्हणणाऱ्या एकाही जोडप्याला मी ते कधी म्हटलेले नाही, हे एके दिवशी लक्षात आले आणि मग दोघांनाही म्हणायचे सोडले.

आता त्या फाइलवाल्या सुनेकडे येते. तिचे गुपित मी सासूबाईंना सांगणे शक्यच नव्हते. तिला विचारून, पुढच्या आठवड्यात नवऱ्याला बोलावले. तो आला. म्हणाला, “मॅडम, आईला मी सांगू शकलो नाही, चूक माझी आहे. हिला वाटलं तपासण्या केल्या की आई गप्प बसेल.” मी त्याला एवढेच म्हटले की पुढचा एक्स-रे तुझा काढू का? तो हसला नाही. रविवारी त्याने घरी सांगितले. त्या घरात मग आठ दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. सून माहेरी जाऊन आली. आपल्याकडे अशा गोष्टी एका बैठकीत मिटत नाहीत.

महिन्याभराने सासूबाई एकट्या आल्या. आता तक्रार त्यांची स्वतःची होती. डोके दुखते, झोप लागत नाही. ब्लडप्रेशर १७०/१००. पहिल्या दिवशीही ते वाढलेलेच होते, तेव्हा त्यांनी गोळ्या नेल्या होत्या पण घेतल्या नव्हत्या. मी रागावले. त्या गप्प बसून राहिल्या आणि मग विषय काढला.

“भजनात बाया विचारतात मॅडम. काय सांगू त्यांना?”

“आमच्या घरचं आम्ही बघू, असं सांगा.”

“तुम्हाला सोपं आहे सांगायला.”

ते खरेच होते. मी दुसरे काही सुचवू शकले नाही. म्हातारपणी पोराला कोण बघणार, ही त्यांची काळजी होती, आणि ती खोटी नाही. मुले असूनही एकट्या पडलेल्या चार म्हाताऱ्या आम्हा दोघींनाही माहीत होत्या, त्यांची नावेही आम्ही घेतली. त्यानेही त्यांचे समाधान झाले असे नाही.

गोळी लिहिता लिहिता मी नेहमीसारखे विचारले, बाळंतपणे किती? सहा, म्हणाल्या. दोन जगली. तिसऱ्याच्या वेळी त्या स्वतः जाता जाता वाचल्या होत्या. चौथ्याला सव्वा महिना व्हायच्या आत शेतात गेल्या.

“तुम्हाला हवी होती का सहा?” मी विचारले.

सासूबाई थोडा वेळ पंख्याकडे बघत होत्या. “मला कुणी विचारलं होतं?” म्हणाल्या, आणि पिशवीतून पाकीट काढून पैसे मोजू लागल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले होते, तेव्हा त्या आल्या. ब्लडप्रेशर १४४/९० होते. मीठ कमी केले का विचारले, तर लोणचे सुटत नाही म्हणाल्या. सून सोबत आलेली होती. बाहेर बाकावर सासूबाईंची चप्पल आणि गोळ्यांची पिशवी सांभाळत बसली होती. तिच्या मनगटावरचे काळे दोरे मात्र अजून तसेच होते.